बुलबुलची काच कोण पाडतं?

"ओढ वं गोपिके, ओढ! पण झटका देऊ नको, नाही तं दोरी तुटन!"

"ओढूनच राहिली न बाबा!"

मोटारीच्या आत बसलेली गोपिका दोन्ही हातांनी दोरी ओढत होती. बाहेर तिचे बाबा, शालिकराम, तळहाताने काचेवर हळूहळू दाब देत होते. काचेच्या चारी कडांना काळ्या रबराची पट्टी चढवलेली होती. त्या पट्टीच्या बाहेरच्या खाचेत एक सुती दोरी फिरवली होती आणि तिची दोन्ही टोकं गोपिकाच्या हातात होती. दोरी जसजशी सुटत होती, तसतसा रबराचा ओठ मोटारीच्या पत्र्यावर चढत होता. टुप, टुप, टुप! दोरीचं शेवटचं टोक बाहेर आलं आणि काच अशी घट्ट बसली, की जणू मोटार काचेसकटच जन्माला आली होती!

"भारी! दादा, बघितलंस? हातोडी नाही, खिळा नाही, नुसती दोरी!" कुंदा टाळ्या पिटत ओरडली.

कुंदा दहा वर्षांची आणि तिचा दादा विश्राम तेरा वर्षांचा. दोघं कालच उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी नाशिकहून नागपूरला आजोबांकडे आली होती. नागपूरचं ऊन कसलं असतं ते पहिल्या दिवशीच कळलं होतं, त्यामुळे दुपारी घराबाहेर पाय ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण अंगणात असली गंमत चालू असताना कसली दुपार आणि कसलं ऊन!

"काका, दुसऱ्या काचेला तेल लावू या का? पटकन सरकेल. मी आणतो आतून," विश्राम उत्साहाने म्हणाला.

शालिकराम असे दचकले, की हातातली काचच पडायची!

"तेल? नाव नको काढू राजा! रबराले तेल नाही, ग्रीस नाही, अन् मातीचं तेल तं बिलकुलच नाही. एवढंसं लागलं तरी रबर फुगते, लिबलिबीत होते. मंग ते काच धरतच नाही. फक्त रिठ्याचं पाणी चालते." त्यांनी वाटीतलं फेसाळ पाणी दाखवलं आणि मान वळवून म्हणाले, "साहेब, तुम्हालेही सांगतलं होतं न मी?"

कडुनिंबाखाली आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांनी हात हलवला. "हो हो! हो हो!"

आजोबा म्हणजे वामनराव. मोहननगरापासून सदर बाजाराच्या चौकापर्यंत सगळं नागपूर त्यांना फोरमनसाहेब म्हणे. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेची वाफेची इंजिनं सांभाळली होती. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिले, म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून ही विलायती मोटार घेतली. मोटार तीस वर्षांची, हिरवी, टप्पोऱ्या दिव्यांची. समोरची काच दोन तुकड्यांची, मधे पट्टी. तिचं नाव त्यांनी बुलबुल ठेवलं होतं. पोटच्या मुलांना त्यांनी जेवढं लाडावलं नव्हतं, तेवढं बुलबुलला लाडावलं होतं.

दुसरी काचही बसली. आजोबा उठले, बुलबुलभोवती एक चक्कर मारली आणि घसा खाकरला.

"शालिक, ही तिसरी खेप आहे गा. मार्चमध्ये काच सुटली, बॉनेटवर पडून चुरा झाली. एप्रिलमध्ये सदरच्या भर चौकात माह्या मांडीवर आली! लोक हसले मले. आता पाह्य बापा."

शालिकरामांनी हातातलं फडकं घडी घालून ठेवलं.

"साहेब, वीस वर्षं झाले ह्या धंद्यात. दोन्ही खेपेले मी रबर बदललं, दुसऱ्या गावाहून मागवलं. तरी सुटलं. तुम्ही बाजारात सांगतलं, का शालिकची काच म्हणजे पत्त्याचा बंगला. तवापासून दुकानात माणूस येत नाही. ह्याही खेपेले सुटलं, तं माह्या हातातच कसर आहे समजीन. एक तारखेपासून कळमेश्वरच्या कारखान्यात फाटकावर चौकीदार म्हणून बसतो. तिथं बोलणं झालं आहे माझं."

गाडीत दोरी गुंडाळत असलेल्या गोपिकाचे हात जागच्या जागी थांबले.

*

"खरंच जाणार तुम्ही कळमेश्वरला?" नळावर हात धुताना कुंदाने विचारलं.

गोपिका कुंदापेक्षा दोन वर्षांनी मोठी. इंदोऱ्याच्या वस्तीतून रोज सायकल मारत सदरच्या दुकानात यायची आणि सुट्टीभर बाबांना मदत करायची. बोलायला फटकळ, पण आत्ता तिच्या बोलण्यात धार नव्हती.

"जाऊच. बाबा एकदा बोलले का बोलले. शाळा बदलन, मैत्रिणी जाईन, ते जाऊ दे. पण बाबा जेवताजेवता आपले हात पाहत बसते वं. जसे काही ते दुसऱ्याचे हात आहे. मले ते पाहवत नाही."

"पण चूक त्यांची नसेल तर?" विश्राम म्हणाला.

"नाहीच आहे! बाबांनी बसवलेल्या काचा साऱ्या नागपुरात आहे. डॉक्टरांच्या गाडीत आहे, शाळेच्या बसमध्ये आहे. कुठंच नाही सुटल्या. फक्त इथंच काहून सुटते?"

प्रश्न रास्त होता! विश्रामने कपाळाला आठ्या घातल्या. रहस्यकथा वाचून वाचून त्याला अशा आठ्या घालायची सवयच लागली होती.

"म्हणजे इथेच काहीतरी होतंय. या अंगणात! गोपिका, तू काळजी करू नकोस. आजपासून बुलबुलवर आमचा पहारा! रोज सकाळ-संध्याकाळ रबर तपासायचं."

"अन् तपासशील काय? तुले येते काय त्यातलं?" गोपिकाच्या जिभेवर आता थोडी धार परतली होती.

"शिकव की मग!"

तिने शिकवलं. अंगठ्याने रबर दाबायचं. चांगलं रबर लगेच उसळून वर येतं. बिघडलेलं रबर दबून राहतं आणि बोटाला चिकटतं. "बस, एवढंच. अक्कल लागत नाही, अंगठा लागते," ती म्हणाली आणि सायकलवर टांग टाकून निघून गेली.

संशयित ठरवायला मात्र विश्रामला अंगठा पुरला नाही. त्याने वहीत यादी केली आणि यादीत एकच नाव लिहिलं: कृष्णकांतराव.

कृष्णकांतरावांचं सदरला मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. ते रोज संध्याकाळी आजोबांकडे यायचे, दोन पेले पन्हं प्यायचे आणि एक पेला सल्ला द्यायचे.

"फोरमनसाहेब, मी तं पहिलेच सांगतलं होतं. नकली रबर! आपल्या दुकानातून कंपनीचा माल घेतला असता तं हे दिवस आले असते काय?" त्या संध्याकाळीही ते बुलबुलच्या काचेवर बोट आपटत म्हणाले. "पाहा तुम्ही. आठ दिवसांत हीही सुटते का नाही!"

"ऐकलंस?" विश्राम कुंदाच्या कानात पुटपुटला. "आठ दिवसांत सुटणार हे याला आधीच कसं ठाऊक?"

"दादा, ते नुसते फुशारक्या मारतात असं मला वाटतं."

"तू लहान आहेस."

कुंदाने जीभ काढून दाखवली. हे उत्तर तिला दिवसातून दहादा ऐकावं लागायचं.

*

सोमवारी काच बसली. मंगळवारी रबर ठणठणीत होतं. बुधवारी सकाळी विश्रामने खालच्या कडेला अंगठा दाबला आणि तो उचलताना रबराने हलकेच धरून ठेवला.

"कुंदा! चिकटतंय!"

कुंदा धावली. तिने अंगठा लावला नाही, नाक लावलं. कुंदाचं नाक म्हणजे घरातला एक चमत्कार होता. शेजारच्यांकडे भाजी काय शिजतेय ते ती जिन्यातून सांगायची.

"दादा, याला स्टोव्हचा वास येतोय!"

"मोटारीला पेट्रोलचा वास येतो, वेडाबाई."

"पेट्रोल नाही, स्टोव्ह! रॉकेल! मला कळतं."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजोबांच्या सूनबाईंचा, सिंधूकाकूंचा आवाज आला. "आता हे मातीचं तेल गेलं तं गेलं कुठं? शनिवारी रेशनचं भरून आणलं, अन् डबा अर्धा! मी काय पिते काय?"

मातीचं तेल म्हणजे रॉकेलच! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विश्रामच्या आठ्या कपाळावरून एकदम नाहीशा झाल्या.

"कुंदा, तू लहान नाहीस," तो म्हणाला. एवढी मोठी कबुली त्याने आयुष्यात दिली नव्हती!

कोणीतरी काकूंच्या डब्यातलं रॉकेल चोरत होतं आणि ते बुलबुलच्या रबराला लावत होतं. पण कोण? दिवसभर अंगणात माणसांची ये-जा असायची. कृष्णकांतराव तर संध्याकाळी सगळ्यांच्या समोर बसलेले असायचे. मग हे काम होत होतं तरी कधी?

"पहाटे," विश्रामने निकाल दिला. "तेव्हाच सगळे झोपलेले असतात. कुंदा, उद्या पाच वाजता उठायचं."

त्यासाठी कुठे लपून बसायचीही गरज नव्हती. मे महिन्यात नागपुरात घरात झोपतो कोण? सगळं घर गच्चीवर, ओल्या चादरींवर झोपायचं. गच्चीच्या कठड्याला जाळी होती आणि जाळीच्या बरोबर खाली बुलबुल उभी असायची.

गोपिकालाही दुपारी बातमी कळली. ती हट्टच धरून बसली. बाबांची परवानगी काढून, गादीची वळकटी सायकलला बांधून रात्री मुक्कामाला आली. काकूंनी तिला आंब्याच्या रसाचे दोन वाडगे प्यायला लावले आणि तिघं जाळीजवळ ओळीने आडवी झाली.

*

"ऊठ, ऊठ! कोणीतरी आहे!" गोपिकाने विश्रामला चिमटा काढला.

नुकतं उजाडू लागलं होतं. कडुनिंबावर साळुंक्या कलकलत होत्या. खाली स्वयंपाकघराचं मागचं दार कुरकुरलं. एक माणूस पाठमोरा चालत आला. एका हातात काचेची बाटली होती आणि दुसऱ्या हातात सुताचा बोळा.

"आता ओरडतोच! चोर—" विश्राम उठू लागला.

गोपिकाने त्याच्या तोंडावर हातच दाबला. "थांब न! पाह्य नीट!"

माणूस वळला. पांढरी मिशी, खांद्यावर पंचा, ओठांवर कसलीशी गुणगुण.

आजोबा!

तिघंही जाळीला डोळे लावून बसली. आजोबांनी बोळा बाटलीत बुडवला, पिळला आणि बुलबुलचे दिवे पुसायला घेतले. मग आरशाची दांडी, मग समोरची काच. काचेभोवतीच्या रबरावरून तर त्यांनी बोळा असा मायेने फिरवला, की जणू बाळालाच तेल लावत होते! रबर काळंभोर चमकू लागलं. आजोबा दोन पावलं मागे सरले, कमरेवर हात ठेवून पाहत राहिले आणि स्वतःशीच हसले.

"अरे देवा!" कुंदा पुटपुटली.

विश्रामला आता सगळं आठवत होतं. आजोबा नेहमी सांगायचे, इंजिन बाहेर काढण्याआधी रोज पहाटे रॉकेलच्या बोळ्याने पुसायचं. पितळ पुसायचं, लोखंड पुसायचं. ज्याचं इंजिन चमकत नाही तो ड्रायव्हर कसला? आणि इंजिन पुसायचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि आता बुलबुलचंही तेच करत होते! फक्त इंजिनाला रबर नव्हतं.

"म्हणजे आजोबाच रोज काच पाडतात," तो सावकाश म्हणाला, "आणि बोल लावतात तुझ्या बाबांना."

 गोपिकाने वळकटी गुंडाळायला घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं होतं की रागाचं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"चल, आत्ताच खाली जाऊन सांगू!" कुंदा म्हणाली.

"अन् मंग? ते म्हणन, चौतीस वर्षं इंजिनं पुसली मी, तू मले शिकवते काय?" गोपिका म्हणाली. "बाबांले सांगतलं तं ते म्हणन, मोठ्या माणसाचं नाव घ्यायचं नसते. अन् गपचूप कळमेश्वरले निघून जाईन. तोंडानं सांगून होत नाही हे. त्यांच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

डोळ्यांनी दिसलं पाहिजे! तिघं पुन्हा ओळीने बसली आणि ऊन जाळीतून पायांवर येईपर्यंत त्यांची खलबतं चालली.

*

त्या सकाळी गोपिका दुकानातून रबराच्या पट्टीचा एक वीतभर तुकडा घेऊन आली. बुलबुलला लावलेल्याच गुंडाळीतला होता तो. कुंदाने तो आजोबांपुढे धरला आणि एक दाभण त्यांच्या हातात दिलं.

"आजोबा, यावर तुमचं नाव कोरून द्या ना! मोठ्या अक्षरात!"

"काय?"

"नाव! तुमचं नाव!" कुंदा त्यांच्या कानाशी ओरडली.

"रबरावर? काय पोरखेळ आहे!" असं म्हणत आजोबांनी चष्मा लावला आणि झोकदार अक्षरात पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरलं: वामनराव. फोरमनसाहेबांची अक्षरं ती! कोणी वाचायचं चुकणार नाही अशी.

मागच्या अंगणात गोपिकाने पट्टी मधोमध कापली. "वामन" रिठ्याच्या पाण्यात गेलं आणि "राव" रॉकेलमध्ये. रॉकेल अर्थातच सिंधूकाकूंनी दिलं, कारण त्यांना सगळं सांगावंच लागलं होतं.

"अस्सं! म्हणजे माझं मातीचं तेल बुलबुल पिऊन राहिली! अन् मी मेली मोलकरणीवर आळ घेणार होती!" काकूंनी कपाळावर हात मारला. मग त्या खुदकन हसल्या आणि त्यांनी रॉकेलच्या डब्याला कुलूप लावलं.

बिचारे आजोबा! पुढचे दोन दिवस ते पहाटे उठायचे, स्वयंपाकघरात डोकावायचे, कुलूप पाहायचे आणि खाली मान घालून परत जायचे. रेशनचं तेल मागायची सोय नव्हती आणि चोरायचीही उरली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी गोपिकाने रॉकेलच्या वाटीवरचं झाकण काढलं आणि तिघांनी माना आत घातल्या.

"बाप रे!" विश्राम म्हणाला. "राव भलतेच माजलेत!"

*

रविवारी सकाळी काकूंनी झणझणीत रस्सा घातलेले तर्रीपोहे केले. वासानेच कृष्णकांतराव हजर झाले. गोपिका बाबांना घेऊन आली. "साहेबांनी बोलावलं," असं ती त्यांना म्हणाली होती. थाप होती, पण कामाची होती. शालिकराम पायरीवर अंग चोरून उभे राहिले. त्यांना वाटलं, पुन्हा बोलणी खायला बोलावलं आहे.

विश्रामने परातीत दोन तुकडे आणि एक पत्र्याची पट्टी ठेवून परात कृष्णकांतरावांपुढे धरली. तुकडे पालथे ठेवले होते.

"काका, तुम्ही या धंद्यातले जाणकार. यातलं चांगलं रबर कुठलं आणि वाईट कुठलं, सांगा ना."

जाणकार म्हटल्यावर कृष्णकांतरावांची छाती पुढे आली. त्यांनी एक तुकडा पत्र्याच्या पट्टीवर चढवून पाहिला. तो गच्च बसला. दुसरा चढवला. तो बोटभर जाड झाला होता, खाचेत मावेना आणि मावला तिथून लगेच घसरला.

"अंधळाही सांगन! हा ताठ तुकडा आपल्या दुकानातला, कंपनीचा माल. अन् हा फुगलेला, लिबलिबीत, हा शालिकचा. पाहा फोरमनसाहेब! मी म्हणत होतो का नाही, नकली?"

"नक्की ना काका?"

"नक्की म्हणजे? लिहून देतो!"

"लिहू नका. वाचा!" कुंदाने दोन्ही तुकडे उलटे केले.

कृष्णकांतरावांनी वाचलं आणि त्यांचा घास तोंडातच राहिला. आजोबांनी पुढे वाकून तुकडे हातात घेतले. वामन. राव. त्यांच्याच हाताची अक्षरं. "वामन" होती तशीच होती आणि "राव" गालगुंड झाल्यासारखं सुजलं होतं.

"ही तं माझी सही आहे. एकच पट्टी होती ही! मंग हा अर्धा असा कसा झाला?"

गोपिका पुढे झाली. तिने फुगलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"साहेब, तो तुकडा तीन दिवस मातीच्या तेलात होता. दुसरा रिठ्याच्या पाण्यात. बाकी काही फरक नाही."

"काय?"

"मातीच्या तेलात होता!" ती मोठ्याने म्हणाली.

 मुलांनी पुढचं एक अक्षरही उच्चारलं नाही. तसं त्यांनी ठरवलंच होतं. आजोबांनी हातातला फुगलेला तुकडा अंगठ्याने दाबून पाहिला. मग ते उठले आणि मागच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती बाटली होती आणि तो सुताचा बोळा होता. दोन्ही वस्तू त्यांनी सगळ्यांच्या मधे ठेवल्या.

"हे पाहा. रोज पहाटे मीच पुसतो बुलबुलले. ह्याच्यानं."

"साहेब, राहू द्या न," शालिकराम घाईघाईने म्हणाले.

"राहू काहून देऊ? शालिक, रबराले मातीचं तेल लावायचं नाही, हे तू मले सांगतलं होतं काय?"

शालिकरामांनी मान खाली घातली. "तीन वेळा सांगतलं साहेब. तुम्ही हो हो म्हटलं."

आजोबा खुर्चीत बसले. एवढा मोठा दांडगा माणूस, पण त्या क्षणी तो वर्गात पट्टी खाल्लेल्या मुलासारखा दिसत होता.

"मले ऐकू येत नाही गा. इंजिनाच्या धडधडीत कान गेले माझे, आठ-दहा वर्षं झाले. समोरच्याचं अर्धं ऐकू येते, अर्धं येत नाही. अन् येत नाही हे सांगाले लाज वाटते. म्हणून हो हो म्हणतो. साऱ्यांलेच म्हणतो." त्यांनी शालिकरामांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. "ह्या हातात कसर नव्हती बापा. माह्या कानात होती, अन् कानापेक्षा माह्या घमेंडीत होती. माफ कर मले."

शालिकरामांनी साहेबांचे हात घट्ट धरले. गोपिका मात्र आता खुशाल रडत होती. कुंदाही तिच्या सोबतीला रडू लागली. आणि विश्राम? त्याच्या डोळ्यांत तर्री गेली होती, असं तो अजूनही सांगतो.

या गडबडीत कृष्णकांतराव हळूच चपला घालून पसार झाले. नागपूरचा माणूस तर्री अर्धी टाकून उठला म्हणजे काय समजायचं, ते तुम्हीच समजा!

*

"बसा रे साऱ्याजणांनी! शालिक, तू समोर, माह्या बाजूले!"

बुलबुल घुरघुरली आणि सदरकडे निघाली. टायरवाला, बॅटरीवाला, रंगवाला, कोणी म्हणून आजोबांनी सोडला नाही. प्रत्येक दुकानासमोर बुलबुल थांबायची, आजोबा खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि इंजिनावरून हाक मारावी तशा आवाजात ओरडायचे, "ऐका हो! शालिकची काच पक्की आहे! मातीचं तेल लावून रबर मी नासवलं! चूक माझी आहे! अन् ही चूक पकडली ह्या तीन पोरांनी!"

लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहू लागले. मागच्या सीटवर विश्राम लाजून लाल झाला होता, कुंदा राणीसारखा हात हलवत होती आणि गोपिका पुढे बसलेल्या बाबांच्या मानेकडे पाहत होती. ती मान आता ताठ होती.

मंगळवारी शालिकरामांनी कळमेश्वरला नकाराचं पत्र टाकलं आणि दुकान उघडलं. दुपारपर्यंत दारात दोन मोटारी आणि एक शाळेची बस उभी राहिली. बुलबुलही रांगेत होती, नव्या रबरासाठी, आणि फोरमनसाहेबांनी सांगून ठेवलं होतं की माझा नंबर शेवटचा.

"शालिक, तुझी पोरगी वाघीण आहे. तिच्या ठिकाणी मी असतो, तं पहिल्याच दिवशी मले शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तिनं मले शिकवलं, अन् माझी इज्जतही राखली. असं डोकं मोठ्यामोठ्यांजवळ नसते," बाकावर बसून आजोबा सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

 शालिकरामांनी बसची काच टेबलावर आडवी टाकली, मोजून खुणा केल्या आणि खिशातून हिरकणी काढली. काच कापायची ही छोटीशी लेखणी, जिच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. वीस वर्षांत त्यांनी ती दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नव्हती. आज त्यांनी ती गोपिकासमोर धरली.

"घे. काप."

"मी? बाबा, चुकलं तं?"

"चुकलं तं दुसरी काच कापू. पण हात मधात थांबवू नको."

विश्राम आणि कुंदाने श्वास रोखला. गोपिकाने पट्टी काचेवर टेकवली, हिरकणी धरली आणि एका दमात या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. कर्रर्र असा बारीक आवाज झाला. मग तिने काच टेबलाच्या काठावर आणली, दोन्ही अंगठ्यांनी अलगद दाब दिला आणि काच खुणेवर सरळ दुभंगली. शालिकरामांनी कडेवरून बोट फिरवून पाहिलं आणि पुढच्या गाडीची काच टेबलावर आणून ठेवली.